घर बघायला आलेले वकील

सोमवार, २ मार्च

आज लिहिलंच पाहिजे. एरवी मी चार-चार दिवस वहीला हात लावत नाही, कारण लिहायचं तरी काय? गुडघा दुखला, दूध उतू गेलं, पुन्हा गुडघा दुखला. पण आज नात ऑफिसातून आली ती बूट न काढताच स्वयंपाकघरात शिरली आणि म्हणाली, "आजी, माझं नाव पुढे गेलंय. भागीदारीसाठी." मी म्हटलं, "आधी बूट काढ." मग ती काय म्हणाली ते डोक्यात शिरलं आणि मी तिला बुटांसकट मिठी मारली.

आम्ही तिला खार म्हणतो. लहानपणी सापडेल तो कागद उचलून उशीखाली साठवायची, म्हणून. आईबाप नोकरीपायी परगावी, त्यामुळे दहाव्या वर्षापासून ती माझ्याजवळच. आता छत्तिशीची झाली, पण कागद काही सुटले नाहीत. मी स्वतः दुसरी पास. तिसरीत नाव घातलं होतं, तेवढ्यात लाँड्रीत इस्त्रीला माणूस हवं झालं आणि मी गेले ती एकेचाळीस वर्षांनी परत आले. वकिलांच्या पांढऱ्या कॉलरी किती केल्या असतील त्याला गणती नाही. आता घरातच एक कॉलर आहे. तिला मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

ही वहीही खारीच्याच ऑफिसची. दर वर्षी अशिलांना वाटतात, त्यातली एक मला मिळते. पहिल्या पानावर भागीदारांची नावं छापलेली आहेत. सहा. सहाही पुरुष. मी लगेच म्हटलं, सातव्याला जागा आहे खाली, चांगली बोटभर.

उमेदवार दोन आणि जागा एक. दुसरा उमेदवार म्हणजे तो चकचक्या. खारीनेच ठेवलेलं नाव. बूट चकचकीत, केस चकचकीत, बोलणंही तसंच. तिच्यामागून पाच वर्षांनी लागला आणि अर्ज कसा लिहायचा ते तिच्याकडेच शिकला. मी म्हटलं, "मग काळजी कसली? शिष्य गुरूच्या पुढे जाईल होय?" ती म्हणाली, "आजी, तू अजून कोर्ट पाहिलेलं नाहीस."

त्यांच्याकडे एक पद्धत आहे. भागीदार करायच्या आधी ऑफिसचे मुख्य, थोरले वकील, आपल्या बायकोला घेऊन त्या माणसाच्या घरी चहाला जातात. ऑफिसात कुणीही गोड वागतं, खरा माणूस घरी कळतो, असं त्यांचं म्हणणं. मला तर फार पटलं. चकचक्याकडे जाऊन आलेसुद्धा. त्याच्या बायकोने केक केला होता, दोन मुलांनी गाणं म्हटलं.

आमच्याकडे गाणारं कुणी नाही. मी आहे.

गुरुवार, ५ मार्च

जेवताना खारीला विचारलं, "भागीदार झालीस म्हणजे नेमकं काय होणार गं? काम तर तेच ना?"

ती म्हणाली, "आत्ता मी त्यांचं काम करते. मग काम आमचं होईल. कुठला दावा घ्यायचा, कोर्टात कुणी उभं राहायचं, हे एका खोलीत बसून ठरतं. चौदा वर्षं मी त्या खोलीच्या बाहेर फाइल धरून उभी आहे."

"आत खुर्च्या कमी असतील."

"हो," ती म्हणाली. "खुर्च्या फार कमी आहेत."

ती बोलायला लागली की तिला थांबवू नये. मग कारखान्याच्या खटल्याचं निघालं. बॉयलर फुटून माणसं भाजली होती तो. दोन वर्षं ही भाजलेल्यांच्या बायकांकडे घरोघर फिरली, दावा लिहिला, साक्षीदार तयार केले. शेवटच्या दिवशी थोरले वकील उभे राहिले आणि हिने लिहिलेलं वाचलं. जिंकले. पेपरात फोटो आला, तो मी कापून ठेवलाय. मध्ये थोरले वकील, शेजारी चकचक्या, आणि कडेला कोपरापर्यंत एक हात आहे, तो खारीचा. बाही मीच इस्त्री केलेली, ओळखणार नाही का?

समोरच्या शिंपीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांचा स्वभाव जरा तिरका आहे. म्हणाल्या, "घर बघायला येतायत की पोर बघायला?"

"दोन्ही एकच की," मी म्हटलं. लेकीच्या वेळी पाहुणे आले होते तेव्हा काय बोलायचं ते मला पाठ होतं आणि सगळं सुरळीत झालं. घरातलं म्हातारं माणूस दोन शब्द चांगले बोललं की त्याचं वजन पडतं. पोरीने स्वतःचं कौतुक स्वतः करायचं नसतं, ते आपण करायचं.

खार म्हणाली, "आजी, तू फक्त चहा दे. जास्त बोलू नकोस."

मी जास्त कधी बोलते?

शनिवार, १४ मार्च

आले! येऊन गेले! 

सकाळपासून पडदे धुतले, खुर्चीचा हलता पाय शिंपीणबाईंच्या नवऱ्याकडून ठोकून घेतला. बरोबर चारला घंटी. थोरले वकील म्हणजे काय माणूस! उंच, पांढरे केस, वाकून आत आले आणि आल्याआल्या माझ्या पाया नाही पडले एवढंच, पण हात दोन्ही हातांत घेतले. म्हणाले, "तुमच्याबद्दल फार ऐकलंय." त्यांच्या बाई मागून आल्या. बारीक, गप्प, तोंडावरची माशी हलेना. मी मनात म्हटलं, एवढा मोठा नवरा आणि हसायला काय झालं?

चहा ओतला आणि नेमका खारीचा फोन वाजला. कुणा अशिलाच्या मुलाला पोलिसांनी उचललं होतं, जामिनाची धावपळ. ती "दोन मिनिटं" म्हणून गॅलरीत गेली ती अर्धा तास. काचेतून दिसत होती, एका कानाला फोन, गुडघ्यावर कागद. मला वाटलं, आता घराची अब्रू माझ्या हातात.

थोरले वकील म्हणाले, "आजी, तुमची नात फार कामाची आहे."

मी म्हटलं, "कामाची आहेच, वर स्वभावाने गाय आहे हो. सांगाल ते ऐकते. उलट उत्तर द्यायचं म्हणून नाही."

ते हसले. "वकील आहे आणि उलट उत्तर देत नाही?"

"कोर्टात देत असेल. घरात चकार शब्द नाही."

मग त्यांनी बिस्कीट उचललं आणि सहज विचारलं, "समजा, या वेळी भागीदारी नाही जमली, तर फार मनाला लावून घेईल का?"

बघा, किती काळजी! मी म्हटलं, "छे हो! ती काय मागणाऱ्यातली आहे? ताटात पडेल ते खाते. तुम्ही द्याल ते हसून घेईल."

"आणि लग्नाचं?"

"यंदा उरकूनच टाकते मी. एक मुलगा नजरेत आहे." (नजरेत कुणी नाही. पण रिकामं घर दाखवू नये.) "आणि काळजी करू नका, मूलबाळ झालं की ती आधी घर बघेल, तशी वळणाची आहे. काम काय, होतच राहतं."

त्यांनी मान हलवली. इतकं लक्ष देऊन माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. लाँड्रीचा मालक तर माझ्याकडे न बघताच बोलायचा.

बाईंनी मध्येच कप उचलले आणि माझ्यामागून स्वयंपाकघरात आल्या. दार जरा लोटलं. म्हणाल्या, "आजी, त्यांच्यासमोर असं बोलू नका."

"का हो? चांगलंच बोलतेय."

"ते सगळं लक्षात ठेवतात."

"ठेवू देत की! त्यासाठीच सांगतेय."

 मग त्या नळ सोडून माझे कप विसळायला लागल्या. मी नको नको म्हणतेय, पण ऐकेनात. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मीही वकिलीची परीक्षा पास झालेय. पहिली आले होते."

"अगंबाई! मग कोर्टात जात नाही?"

"यांचे कागद लिहायचे मी. दहा वर्षं. मग मुलं मोठी झाली, यांच्याकडे लिहायला दुसरी माणसं आली."

 मी म्हटलं, "चांगलं झालं, सुटलात." त्यांनी नळ बंद केला.

गेल्यावर खारीने विचारलं, "काय काय बोललीस?" मी म्हटलं, "तुझं कौतुक. दुसरं काय बोलणार?" तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. म्हणाली, "मी फार घाबरले होते गं."

मंगळवार, १७ मार्च

निकाल महिनाअखेरीला. खार दात घासताना पुटपुटते, मी ऐकलं. "आम्ही भागीदार," असं म्हणून बघत होती. मी दाराआडून परत फिरले.

शुक्रवार, २७ मार्च

निकाल लागला. एका परीने आपण जिंकलोच.

भागीदार चकचक्या झाला. पण खारीला त्याहून लांबलचक पद दिलंय! "विशेष सल्लागार", आणि शिवाय "महिला प्रगती विभाग प्रमुख". प्रमुख! स्वतंत्र खोली, खिडकीसकट. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते म्हणे, म्हणजे कोण आलं कोण गेलं सगळं कळणार. त्या विभागात किती माणसं, असं विचारलं तर म्हणाली, "मी."

"मग भांडण नाही की कटकट नाही," मी म्हटलं.

ती हसायला लागली. इतकी हसली की पोट धरून खाली बसली. मीही हसले. मग बघते तर ती हसत नव्हती.

थोरल्या वकिलांनी स्वतः बोलावून सांगितलं म्हणे. "तुझ्या घरच्यांचं म्हणणं आम्ही फार गांभीर्याने घेतलं. तुझ्यावर ओझं नको." म्हणजे माझं म्हणणं! मी लेकीला परगावी फोन करून सांगितलं, दुसरी पास बाईचं म्हणणं एवढ्या मोठ्या ऑफिसात गांभीर्याने घेतात. लेक म्हणाली, "आई, ती भागीदार झाली का?" मी म्हटलं, "तू ना, नेहमी वाकड्यात शिर."

रविवार, २९ मार्च

आज खारीने मला समोर बसवलं. टेबलाच्या पलीकडे ती, अलीकडे मी. हातात तिची वही आणि पेन. मी म्हटलं, "हे काय, उलटतपासणी?"

"हो. मी विचारेन तेवढंच सांगायचं. मी गॅलरीत असताना त्यांनी माझ्या लग्नाचं विचारलं का?"

"विचारलं. आणि मी..."

"हो की नाही एवढंच."

"हो."

"तू काय म्हणालीस? नेमके शब्द."

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला, माझी आठवण अजून खणखणीत आहे. ती लिहीत होती. गायीपाशी एकदा पेन थांबलं. ताटापाशी पुन्हा थांबलं.

"जो मुलगा नजरेत आहे म्हणालीस, तो कोण?"

"कुणी नाही गं. बोलायचं म्हणून."

"साक्षीदार खोटं बोलली, हे तिला मान्य आहे," ती म्हणाली. मला हसू आलं, पण तिला नाही. मग तिने वही मिटली. "बाकी सगळं खरं सांगितलंस, आजी. मी खरंच कधी काही मागितलं नाही. फोटो निघाला तेव्हासुद्धा नाही."

"तेच तर म्हटलं मी! किती शहाणी आहेस."

ती उठून तोंड धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

मला एक कळेना. थोरल्या वकिलांच्या बाई का म्हणून इतक्या खिन्न होत्या? खारीला त्यांचं बोलणं सांगितलं, कप विसळले तेही सांगितलं. तिने दोनदा विचारलं, "त्या पहिल्या आल्या होत्या म्हणाल्या?" मी म्हटलं, "हो, पण मला वाटतं बाईंना पोटाचं काहीतरी असणार."

रविवार, १२ एप्रिल

मध्ये लिहिलं नाही. खार बोलतच नव्हती, मग लिहायचं काय.

परवा तिने म्हणे थोरल्या वकिलांना जाऊन तोंडावर विचारलं, मला भागीदारी का नाही? आयुष्यात पहिल्यांदा. मी विचारलं, "रागावले का?"

"नाही. फार प्रेमाने बोलले. म्हणाले, अगं, तू अशी नव्हतीस. आजींना हे आवडेल का?"

बघा, मनात माझा केवढा मान! तरी मी खारीला म्हटलं, एवढं तोंडावर विचारायला नको होतं.

ऑफिसने एक पुस्तिका छापलीय, आमच्याकडे बायका कशा पुढे जातात म्हणून. पहिल्याच पानावर खारीचा फोटो, या वेळी पुरा, चेहऱ्यासकट. मी पाच प्रती आणायला सांगितल्या. शिंपीणबाईंनी उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "बाकीच्या बायका कुठायत?" म्हटलं ना, तिरका स्वभाव.

आणि महत्त्वाचं राहिलंच. चकचक्याच्या पहिल्या मोठ्या दाव्याचे कागद खारच लिहितेय. म्हणजे तिच्यावाचून अजूनही त्यांचं पान हलत नाही.

मी विचारलं, "आता पुन्हा जागा कधी निघेल?"

"तीन वर्षांनी. सर्वांत म्हातारे भागीदार तेव्हा निवृत्त होतील."

"आणि तेव्हाही घर बघायला येतील?"

"येतील. पद्धतच आहे."

"मग झालं तर!" मला इतका हुरूप आला. "तीन वर्षं मी कुठे मरत नाही. या वेळी घाईत किती सांगायचं राहिलं. तू तापात पडली होतीस तरी कामावर गेलीस, ते राहिलं. पगार वाढवा असं कधी म्हणाली नाहीस, ते राहिलं. पुढच्या वेळी आधी वहीत लिहूनच ठेवते, एकही विसरायची नाही."

  खार म्हणाली, "हो, आजी." आणि माझ्या केसांवरून हात फिरवला, मी तिच्या लहानपणी फिरवायचे तसा.

रविवार, २६ एप्रिल

आमची खार स्वतंत्र घर घेतेय! कोर्टाच्या मागच्या रस्त्याला, दोन खोल्या, दुसरा मजला. जायचा-यायचा दीड तास वाचणार. या घराण्यात बाईमाणसाने स्वतःच्या नावावर भाड्याने घर घेतलं असं पहिल्यांदाच होतंय. सगळ्या जिन्याला सांगून आले.

मी म्हटलं, "माझं सामान काय, दोन पिशव्या. मीही येते तुझ्याबरोबर. स्वयंपाक कोण करणार तुझा?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "तू इथंच बरी, आजी. तिथे लिफ्ट नाही."

"दुसऱ्या मजल्याला लिफ्ट कशाला लागते? इथे तर तिसरा आहे आणि लिफ्ट नाही."

 तिने पिशवीत एक घडी ठेवली आणि म्हणाली, "मी दर रविवारी येईन."

मी तिच्या कॉलरी कडक करून एका डब्यात भरल्या. तिने डबा घेतला, मग म्हणाली, "आता मी इस्त्रीला टाकत जाईन बाहेर." मी म्हटलं, "बाहेरच्यांना कॉलरचं काय कळतंय?" पण घेतला तिने, तेवढं बरं.

जाताना दारात मी विचारलं, "तीन वर्षांनी घर बघायला आले तर चहा कोण देणार गं? मला एक दिवस आधी सांग म्हणजे येऊन सगळं लावून देईन."

ती म्हणाली, "मी देईन चहा. घरात मी एकटीच आहे असं सांगेन."

"असं कसं सांगशील? बरं दिसतं का ते?"

"नाही दिसत," ती म्हणाली, "पण बोलायला दुसरं कुणी नसेल."

रविवार, ३ मे

खार आज आली नाही. चकचक्याच्या दाव्याची तारीख उद्या आहे, कागद पुरे व्हायचे होते. पहिलाच रविवार, चालायचंच.

घर जरा मोठं झाल्यासारखं वाटतंय. रिकामा वेळ होता म्हणून १४ मार्चचं पान काढलं आणि मी त्या दिवशी जे जे बोलले ते सावकाश पुन्हा वाचलं. सांगाल ते ऐकते. चांगलं. उलट बोलत नाही. चांगलं. मागत नाही, मिळेल ते हसून घेते. तेही चांगलंच. आधी घर बघेल. माझ्याबद्दल असं एक वाक्य कुणी कधी बोललं असतं तर मी जन्मभर जपून ठेवलं असतं. दोनदा वाचलं. वाईट असा शब्द काही सापडला नाही.

शेवटी राहवेना, फोन केला. म्हटलं, "खारे, यात माझं काय चुकलं ते एकदा नीट सांग. मी रागावणार नाही."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"काही नाही चुकलं, आजी. तुला जसं शिकवलं तसंच तू बोललीस."

"मला? मला कोण शिकवायला आलं होतं?"

ती हसली. म्हणाली, "ठेवते, कामं आहेत."

हसली म्हणजे राग गेला. मीच उगाच मनाला लावून घेत होते.